आकाशातली कव कोणाची? जीपीएस, हॅम रेडिओ आणि आपल्या बोटी



आजचा विषय मासळीच्या भावाचा नाही, डिझेलच्या परताव्याचाही नाही. विषय आहे रेडिओ लहरींचा. ‘ह्याचा आपल्याशी काय संबंध?’ असं वाटेल. पण जरा मोजून बघा. बोटीवर जीपीएस आहे, वायरलेस आहे, ट्रान्सपॉन्डर आला आहे किंवा येतो आहे, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. ही सगळी यंत्रं लहरींवर चालतात. कुठल्या लहरीवर कोणी बोलायचं, किती जोरात बोलायचं, ह्याचे नियम जगभर बदलतायत. शेतजमिनीचा सातबारा असतो तसा लहरींचाही असतो, आणि त्यात आपलं नाव नसलं तरी आपला जीव आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. समुद्रात जागा दाखवणाऱ्या उपग्रहांच्या लहरी जपायलाच हव्यात. त्यासाठी हॅम रेडिओवाल्यांनी आवाज कमी करावा, हा नियमही बरोबर आहे. पण जपणुकीच्या नावाखाली हॅमला त्या पट्ट्यातून हाकलून लावणं चूक ठरेल. परवाना घेऊन बोलणाऱ्या हॅमकडून आपल्याला धोका नाही. धोका आहे तो बिनपरवाना सेटकडून आणि जॅमरकडून. आणि जीपीएस फसलं, टॉवर पडले, तर माणसाचा आवाज पोचवणारी जी थोडी मंडळी उरतात, त्यात हे हॅम असतात.

आम्ही सेलवासवाले ह्यात का बोलतो

कोणी म्हणेल, सिल्वासा म्हणजे आपलं सेलवास, तिथे समुद्र कुठे आहे? खरं आहे, नाही. आमच्याकडे दमणगंगा आहे, मधुबन धरणाचं पाणी आहे, त्यात छोट्या होड्या आहेत. पण ही दमणगंगा नानी दमण आणि मोटी दमणच्या मधून समुद्राला मिळते, आणि तिच्यासारखीच आमची पोरंही समुद्राला मिळतात. कोणी दमणच्या बोटीवर खलाशी, कोणी उंबरगाव, झाई, डहाणूला, कोणी थेट सौराष्ट्रातल्या बंदरांवर. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. म्हणजे कारभाराच्या हिशोबानेही आता समुद्र आमचाच.

त्यात सौराष्ट्राच्या बोटींवर जाणाऱ्यांचा प्रश्न सगळ्यात नाजूक. तिकडे पुढे सीमा आहे. ही सीमा पाण्यावर आखलेली दिसत नाही, ती फक्त जीपीएसच्या पडद्यावर दिसते. भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात १९३ भारतीय मच्छीमार होते. गुजरातच्या बोटींवर काम करणारे पालघर जिल्ह्याचे, दीवचे खलाशीही अशा अटकेत सापडलेले आहेत. यादीत नाव असणं म्हणजे घरात चूल कशी पेटते, हे त्या घरच्या बाईला विचारा.

आता साधा हिशोब करा. बोट ८ नॉटने चालली आहे. म्हणजे तासाला १५ किलोमीटरच्या आसपास. जीपीएसने फक्त १० मिनिटं चुकीची जागा दाखवली, तर बोट अडीच किलोमीटर पुढे गेलेली असते. मुंबईसमोर अडीच किलोमीटरने काही बिघडत नाही. सीमेजवळ बिघडतं.

म्हणून लहरींचा नियम हा आमच्यासाठी कागदावरचा नियम नाही.

कव म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको

डोलवाल्यांना कव माहीत आहे. समुद्रात डोल लावायची ठरलेली जागा म्हणजे कव. पालघर-डहाणूच्या डोलवाल्यांचा आणि वसई-उत्तनच्या डोलवाल्यांचा कवींवरून किती वर्षं वाद चालला आहे, हे वेगळं सांगायला नको. पाणी मोकळं दिसतं, पण प्रत्येक जागेवर कोणाचा तरी हक्क असतो. दुसऱ्याने मधे कव मारली की जाळी अडकतात, भांडणं होतात.

रेडिओ लहरींचं अगदी असंच आहे. आकाश मोकळं दिसतं, पण त्यात कवी ठरलेल्या आहेत. त्या ठरवणारी जागतिक संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, आयटीयू. दर तीन-चार वर्षांनी तिची मोठी रेडिओ परिषद भरते आणि कुठला पट्टा कोणाला, हे ठरतं. मग प्रत्येक देश आपापल्या वाटपात त्याप्रमाणे बदल करतो. आपल्याकडे हे काम दूरसंचार खात्यातली डब्ल्यूपीसी शाखा बघते.

ह्या वाटपात दोन प्रकारचे हक्क असतात. एक पहिला हक्क, एक दुय्यम हक्क. पहिला हक्क असलेल्याची कव पक्की. दुय्यम हक्कवाल्याने त्याच पाण्यात जाळं टाकायला हरकत नाही, पण पहिल्याच्या जाळ्याला अडथळा होता कामा नये. झाला तर दुय्यमवाल्याने जाळं उचलायचं. आणि पहिल्यामुळे आपलं जाळं फाटलं तर तक्रारही करायची नाही.

१२४० ते १३०० मेगाहर्ट्झ हा असाच एक सामायिक पट्टा आहे. हॅम लोक त्याला २३ सेंटिमीटरचा पट्टा म्हणतात. तिथे हॅमचा हक्क दुय्यम आहे. पहिल्या हक्कवाल्यांत रडार आहेत आणि उपग्रहाने जागा दाखवणाऱ्या यंत्रणा आहेत. युरोपच्या गॅलिलिओची एक लहर १२७८.७५ वर आहे. जपानच्या क्यूझेडएसएसचीही एक लहर तिथेच आहे. चीनच्या बेइदोउची १२६८.५२ वर, रशियाच्या ग्लोनासची १२४६ च्या आसपास. म्हणजे हॅमच्या घरात चार देशांचे पाहुणे आले असं समजा, फक्त घराचा पहिला हक्क पाहुण्यांचा.

दुबईत काय ठरलं

हॅम लोक ह्या पट्ट्यात कित्येक दशकांपासून आहेत, गॅलिलिओ आकाशात जाण्याच्या खूप आधीपासून. कोणी तिथे चंद्रावर लहर आपटून परत ऐकण्याचे प्रयोग करतात, कोणी हौशी टीव्हीचं प्रक्षेपण करतात, कोणी दूरवर बोलण्याची शर्यत लावतात. गॅलिलिओ आल्यावर युरोपात मोजक्या ठिकाणी तक्रारी झाल्या, की हॅमच्या केंद्रामुळे ह्या लहरीच्या रिसीव्हरला अडथळा येतो. तक्रारी मोजक्याच होत्या, पण गॅलिलिओसाठी ही लहर महत्त्वाची. २४ जानेवारी २०२३ पासून ह्याच लहरीवरून ते मोफत जास्त अचूक सेवा देतात, ज्यात जागा वीसेक सेंटिमीटरपर्यंत कळू शकते.

म्हणून २०१९ साली इजिप्तच्या शर्म अल शेखच्या परिषदेत हा विषय अभ्यासाला घेतला. चार वर्षं मोजमाप झालं, वाद झाले. एका बाजूला उपग्रहवाले, दुसऱ्या बाजूला हॅमची आंतरराष्ट्रीय संघटना आयएआरयू. नोव्हेंबर-डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत निकाल लागला.

निकाल असा: हॅमला पट्ट्यातून काढलं नाही. दुय्यम हक्क तसाच राहिला. पण एक मार्गदर्शक शिफारस तयार झाली, तिचा क्रमांक एम.२१६४. त्यात पट्ट्याचे तुकडे पाडून कुठे किती शक्तीने बोलावं हे सांगितलं आहे. उपग्रहाची लहर जिथे आहे तिथे शक्ती कमी, तिच्यापासून लांबच्या टोकाला थोडी मोकळीक. जोडीला जागतिक नियमावलीत टीप घातली, की हॅमला परवानगी देणाऱ्या देशांनी उपग्रह सेवेला अडथळा होणार नाही हे बघावं. ही सुधारित नियमावली १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे.

आम्हाला हा निकाल पटतो. का, ते सांगतो. कवीच्या वादात दोन प्रकारचे पंच असतात. एक म्हणतो, ‘मोठ्याची कव आहे, लहान्याने उठायचं.’ दुसरा म्हणतो, ‘लहान्याने जाळं आखूड करावं, थोडं सरकावं, पण पाण्यात राहावं.’ दुबईत दुसऱ्या प्रकारचा पंच मिळाला. आपल्यासारख्या लहान बोटवाल्यांनी असा निकाल लक्षात ठेवायला हवा. कारण उद्या एखाद्या पट्ट्यात लहान आपण असू.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, उगाच घबराट नको. आपल्या बोटींवरचे बहुतेक जीपीएस सेट १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ऐकतात. ती लहर हॅमच्या ह्या पट्ट्यापासून बरीच लांब आहे. आपल्या देशाचं नाविक ११७६.४५ आणि २४९२ च्या आसपास बोलतं, आणि मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून १५७५.४२ वरही. त्यातली एकही लहर १२४० ते १३०० मध्ये येत नाही. तेव्हा गावात कोणाच्या घरावर हॅमचा अँटेना दिसला, म्हणून आपल्या बोटीचं जीपीएस बिघडलं, असा आरोप कोणी करू नये. पुढे जास्त लहरी ऐकणारे अचूक सेट बोटींवर येतील, तेव्हा हा पट्टाही कामाचा ठरेल. म्हणून नियम आत्ताच नीट बसलेला बरा.

सगळं एकाच खुंटीला टांगलंय

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दोन गोष्टी झाल्या. वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्यावर आपलं म्हणणं वेगळं आहे, ते इथे नको. दुसरी गोष्ट म्हणजे बोटींसाठी ट्रान्सपॉन्डरची देशभरची योजना सुरू झाली. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख बोटींवर ही यंत्रं बसवायची, खर्च सुमारे ३६० कोटी. इस्रोचं तंत्रज्ञान आहे. मोबाइलची रेंज संपल्यावरही बोटीचा किनाऱ्याशी दोन्ही बाजूंनी निरोप चालतो, संकटात खबर देता येते, सीमेजवळ गेल्यावर इशारा मिळतो. योजना चांगली आहे, आम्ही तिच्या बाजूने आहोत. ज्यांनी अजून यंत्र बसवलं नाही त्यांनी बसवावं.

पण एक विचार करा. सीमेजवळ गेलो हे ट्रान्सपॉन्डरला कळतं कसं? उपग्रहाने दिलेल्या जागेवरून. संकटात दाबायचं डीएटी बटण किनाऱ्याला कुठली जागा कळवतं? उपग्रहाने दिलेली. मोठ्या जहाजाला आपली बोट दाखवणारं एआयएस? तेही उपग्रहाचीच जागा सांगतं. मोबाइलमधला नकाशा? तोच. मासळी कुठे लागेल ते सांगणाऱ्या इन्कॉइसच्या सल्ल्यातले अक्षांश-रेखांश गाठायचे? पुन्हा तेच. यंत्रं पाच आहेत, खुंटी एक आहे. खुंटी निसटली तर पाचही खाली.

आणि ही खुंटी किती नाजूक आहे बघा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांची शक्ती काही मोठी नाही, आणि इतक्या लांबून येईपर्यंत लहर इतकी क्षीण होते की डोलकाठीवरचा रिसीव्हर ती जेमतेम ऐकतो. जेटीवर शंभर माणसं ओरडत असताना खाडीपलीकडून कोणीतरी पुटपुटावं, तसं. जवळच्या एखाद्या छोट्या यंत्रानेही तो आवाज बुडू शकतो. म्हणून नियम कडक हवेत, ह्याला आमचा पाठिंबा आहे.

नाविक आपलं स्वतःचं आहे, त्याचा अभिमान आहे. पण तेही अजून पूर्ण ताकदीने उभं नाही. काही जुन्या उपग्रहांची घड्याळं बिघडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. दोष देण्यासाठी हे सांगत नाही. एका यंत्रावर सगळा भार टाकू नये, एवढ्यासाठी सांगतो.

मग खरा चोर कोण?

जगात जीपीएस बिघडवण्याच्या बातम्या वाढल्यात. त्या हॅमच्या पट्ट्यातून आलेल्या नाहीत. दोन प्रकार आहेत. एक जॅमिंग, म्हणजे एवढा आरडाओरडा करायचा की उपग्रहाचा आवाज ऐकूच येऊ नये. दुसरा स्पूफिंग, म्हणजे उपग्रहाचा खोटा आवाज काढून रिसीव्हरला फसवायचं. पहिल्यात पडदा कोरा होतो, निदान कळतं तरी. दुसऱ्यात पडदा छान चालतो, फक्त जागा खोटी असते. दुसरा जास्त वाईट.

आपल्याच देशाचं उदाहरण घ्या. केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ ह्या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला, विमानांच्या बाबतीत असे ४६५ प्रकार नोंदले गेले. समुद्रातलं उदाहरण हवं तर मे २०२५ मध्ये एमएससी अँटोनिया नावाचं मोठं कंटेनर जहाज तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ तळाला लागलं. खोट्या जीपीएसमुळे ते भरकटलं, असा जाणकारांचा अंदाज आहे. एवढं मोठं जहाज, एवढे शिकलेले कप्तान, आणि ही गत. मग आपल्या बोटीचं काय?

विमानवाल्यांकडे नोंद करायची पद्धत आहे. वैमानिकाला गडबड दिसली की तो कळवतो, आकडा तयार होतो, आकडा संसदेत जातो. आपल्या बोटीवर जीपीएसने अर्धा तास वेड्यासारखं केलं तर आपण काय करतो? सेटवर दोन थपडा मारतो, बंद करून चालू करतो, आणि जेटीवर चहा पिताना सांगतो. कुठेही नोंद नाही. नोंद नाही म्हणजे सरकारच्या लेखी घडलंच नाही.

दुसरा चोर म्हणजे बिनपरवाना सेट. ऑनलाइन दोन-तीन हजारांत वॉकीटॉकी मिळतो. त्यातले कित्येक सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये कुठेही बोलू शकतात. ह्यात हॅमचा १४४ ते १४६ चा पट्टा येतो, आणि समुद्रावरचा संकटाचा चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, तोही येतो. सेटला काय, बटण दाबलं की तो बोलतो. पण ज्या क्षणी कोणी चॅनल १६ वर मदत मागत असेल, त्याच क्षणी दुसरा कोणी तिथे ‘आज पापलेट लागलं का रे’ विचारत असेल, तर मदत मागणाऱ्याचा आवाज दबतो. २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिनपरवाना वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही आणल्या. चांगलं झालं. पण विक्रेत्याला नोटीस दिल्याने बोटीवरचा सेट बदलत नाही. बोटमालकाला परवान्याचा मरीन व्हीएचएफ परवडेल असं काहीतरी करायला हवं.

म्हणून आमचं म्हणणं, काठी उगारायची तर जॅमरवर उगारा. परवाना काढून, परीक्षा देऊन, आपला कॉल साइन सांगून बोलणाऱ्या हॅमवर नको. तो तर स्वतःहून पत्ता सांगतो. ज्याचा पत्ता लागत नाही, त्याला शोधा.

हॅम आपल्याला का हवेत

२००१ चा भूज भूकंप आठवा. टेलिफोन बंद पडले तेव्हा निरोप पोचवायला हॅम मंडळी पुढे आली. २००४ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद हॅमच्या एका मोहिमेसाठी आपल्या साथीदारांसह पोर्ट ब्लेअरला होत्या. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. हौसेची मोहीम तिथल्या तिथे थांबवून त्यांनी त्याच सेटवरून अंदमान-निकोबारचे निरोप मुख्य भूमीला पोचवायला सुरुवात केली. बेटांवरच्या माणसांची खुशाली कित्येक घरांना त्या आवाजाने कळली.

कोणी म्हणेल, आता २००४ नाही, आता मोबाइल आहे, सॅटेलाइट आहे, हॅम कशाला? त्यांना मे २०२१ चं तौक्ते वादळ आठवावं. दीव-ऊनाच्या बाजूला ते जमिनीवर आलं तेव्हा वीज गेली, टॉवर बंद पडले. मोबाइल टॉवरवर चालतो, टॉवर विजेवर. हॅमचा सेट बोटीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि मधे कोणाचा टॉवर लागत नाही. एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला एक माणूस, बस.

ह्यातही गैरसमज नको. हॅमचा परवाना म्हणजे धंद्याचा वायरलेस नव्हे. त्यावर मासळीचा भाव विचारता येत नाही, व्यापाऱ्याशी सौदा करता येत नाही, नियम तसा आहे. बोटीवर बोलायला मरीन व्हीएचएफच पाहिजे. हॅम हवा तो किनाऱ्यावर, गावात, संस्थेच्या कार्यालयात, वादळाच्या रात्रीसाठी. परीक्षा डब्ल्यूपीसीची असते, वय १२ वर्षं पूर्ण असलं की देता येते, मोठी डिग्री लागत नाही. थोडा रेडिओचा अभ्यास आणि नियमांची माहिती लागते. आपल्या पोरांना इंजिन खोलून जोडता येतं, त्यांना हे जमणार नाही असं आम्ही मानत नाही.

आणि इथेच लहरींच्या नियमाचा आपल्याशी खरा संबंध येतो. हॅमला पट्टे राहिले, तर नवीन पोरं त्यात येतील. एक एक पट्टा आखडत गेला, तर हौस संपेल, आणि हौस संपली की वादळाच्या रात्री सेट चालवणारा माणूसही संपेल. तो माणूस सरकार पगार देऊन ठेवत नाही. तो हौसेने तयार होतो. अमेरिकेत २०२४ मध्ये नेक्स्टनॅव्ह नावाच्या कंपनीने ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची फेरमांडणी मागितली. कारण काय, तर जीपीएसला जमिनीवरून पर्याय उभा करायचा. त्या पट्ट्यातही हॅम दुय्यम हक्काने आहेत. हेतू चांगला असतो, पण दर वेळी सरकायला लहान्यालाच सांगतात. म्हणून दुबईसारखा निकाल दर वेळी लागेल असं धरून चालू नये.

आमच्या मागण्या आणि आपली कामं

नुसतं मत मांडून उपयोग नाही. संस्थेच्या पुढच्या सभेत आम्ही हे ठेवणार आहोत:

१. ट्रान्सपॉन्डर बसवताना मत्स्य विभागाने बटणं दाखवून मोकळं होऊ नये. जीपीएस चुकलं तर काय करायचं, हे प्रत्येक तांडेलाला शिकवावं.

२. जीपीएस बिघडल्याची नोंद घेणारी एक जागा हवी. तारीख, वेळ, अंदाजे ठिकाण, काय दिसलं, एवढं लिहून घ्यावं. तोपर्यंत संस्थेच्या कार्यालयात आपण एक वही ठेवू.

३. १ जून ते ३१ जुलै ही बंदीची ६१ दिवसं जाळी शिवण्यात जातात, त्यातच हॅमच्या परीक्षेची तयारी होऊ शकते. प्रत्येक संस्थेने निदान दोन पोरं-पोरी ह्यासाठी द्याव्यात. मुली जरूर द्याव्यात, वादळात किनाऱ्यावर त्याच असतात.

४. परवान्याचा मरीन व्हीएचएफ घ्यायला छोट्या बोटींना अनुदान मिळावं. दंड नंतर, आधी हातात योग्य सेट द्या.

५. पुढची जागतिक रेडिओ परिषद २०२७ मध्ये आहे. भारताची भूमिका ठरवताना मच्छीमारांचंही ऐकावं. समुद्रात जागा दाखवणाऱ्या लहरी जपा आणि हॅमला राहू द्या, हे दोन्ही आपण लेखी कळवू.

आणि तांडेलांनो, हे आजपासून करता येतं. होकायंत्र बोटीवर ठेवा आणि ते वापरा. निघताना दिशा आणि वेळ कागदावर लिहा. पडद्यावर बोट अचानक उडी मारली, वेग भलताच दिसला, बोट जमिनीवर दिसली, किंवा मोबाइल आणि सेट दोन वेगळ्या जागा सांगायला लागले, तर पडद्यावर विश्वास ठेवू नका. किती वाव पाणी आहे ते बघा, होकायंत्र बघा, डोंगराची खूण, दीपगृहाचा उजेड बघा. जुने तांडेल ह्यावरच दर्या फिरून आले आहेत. सीमेच्या बाजूला असाल तर शंका आली की आधी बोट पूर्वेला वळवा, मग विचार करा. मदत लागली तर चॅनल १६, किनाऱ्याजवळ मोबाइलची रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३.

जाळं दोघांचं राहिलं पाहिजे, उपग्रहाचंही आणि हॅमचंही. पाणी वाटून घेणं आपल्याला नवीन नाही. तुमच्या बोटीवर कधी जीपीएसने असं फसवलं असेल तर खाली लिहा, तारीख आणि बंदर सांगा. वहीचं पहिलं पान त्यातूनच भरेल. आणि घरात दहावी-बारावी झालेलं, वायर-सोल्डरिंगची आवड असलेलं पोर असेल, तर त्याचं किंवा तिचं नाव बंदी सुरू होण्याआधी संस्थेत द्या.